आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ: पिन लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पारोळा तालुक्यातलं जुनं धाब्याचं घर पाडताना माळ्यावर आजोबांचा लाकडी पेटीचा रेडिओ सापडला. वीस-पंचवीस वर्षं कुणी हात लावलेला नाही. आत पाच व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) आहेत, मेन वायर उंदरांनी कुरतडली आहे, बाकी दिसायला ठीक आहे. आजी रोज विचारते, "आते बोली का हाऊ?" तर नवी वायर जोडून एकदा लावून बघू का, घरच्या घरी दुरुस्त होईल का, खर्च किती येईल आणि अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत होईल का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, नाहीतर पुढचं वाचेपर्यंत तुम्ही पिन लावून मोकळे व्हाल. लावून बघू नका. एक मिनिटही नाही.

माझ्याकडे आलेल्या जुन्या सेटांपैकी बरेचसे माळ्यावर पडून जेवढे खराब झाले होते, त्यापेक्षा जास्त नुकसान मालकाने "एकदा लावून बघितलं" त्या पाच मिनिटांत झालेलं होतं. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा वाचतो: आज जे शाबूत आहे ते न जाळता हा रेडिओ चालू कसा करायचा? याचं उत्तर देता येतं, पण ते तुमच्या सेटवर आणि थोडंफार तुमच्या हातावर अवलंबून आहे.

हे मी शहाणपणाने नाही, मार खाऊन सांगतोय. मी अमळनेरला काकांच्या दुकानात शिकलो, १९७८ सालची गोष्ट. एका शेतकऱ्याने आठ-दहा वर्षं बंद असलेला सेट आणून ठेवला. काका जेवायला गेले होते. मी मागचा पुठ्ठा काढला, व्हॉल्व्ह पुसले आणि पिन लावली. अर्ध्या मिनिटात खरखर आली, मग गाणं लागलं. मी खूश. दुसरं गाणं सुरू होईस्तोवर आवाज चिरका झाला, डांबरासारखा वास आला आणि चॅसीखालून, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याखालून, पांढरा धूर निघाला. आऊटपुट व्हॉल्व्ह, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह), आऊटपुट ट्रान्सफॉर्मर, तिन्ही गेले. काका आले, वास घेतला आणि एवढंच म्हणाले, "घाई कोनले व्हती, तुले का रेडिओले?" मग तो ट्रान्सफॉर्मर त्यांनी मला हाताने गुंडाळायला लावला. केसापेक्षा बारीक तार, अडीच-तीन हजार फेरे, आणि मोजणी चुकली की पहिल्यापासून. तो जळाला एका साध्या कागदी कंडेन्सरमुळे. त्याच्याकडे आपण येऊच.

त्याआधी तुमचा सेट कोणत्या जातीचा आहे ते ठरवायचं, कारण जीव जाण्याचा किंवा वाचण्याचा प्रश्न इथेच आहे. मागचा पुठ्ठा काढा, टॉर्चच्या उजेडात प्रत्येक व्हॉल्व्हवरचा नंबर वाचा आणि कोणता कुठे बसलाय त्याचा फोटो घ्या. काचेवरची अक्षरं बोटाने पुसू नका, ती चटकन उडतात. नुसता श्वास सोडला तरी पुसट अक्षरं क्षणभर दिसतात.

नंबर 'ई'ने सुरू होत असतील, म्हणजे ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२ किंवा ईएल ८४, ईझेड ८० असे, तर हे ६.३ व्होल्ट फिलामेंटचे (फिलामेंट म्हणजे आतली तापणारी तार) व्हॉल्व्ह आहेत आणि सेटमध्ये बहुधा मोठा, जड मेन ट्रान्सफॉर्मर असेल. ही जात त्यातल्या त्यात सोज्वळ. चॅसी आणि लाइन यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असतो.

नंबर 'यू'ने सुरू होत असतील, यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५, तर सावध. याला आम्ही एसी-डीसी सेट म्हणायचो. यात मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. सगळ्या व्हॉल्व्हची फिलामेंटं दिवाळीच्या माळेसारखी एकामागे एक जोडलेली, सगळ्यांतून १०० मिलिअँपिअरचा एकच करंट जातो आणि उरलेले व्होल्ट एक मोठा रेझिस्टन्स खातो. मेन लाइनची एक तार थेट चॅसीला जोडलेली असते. म्हणजे पिन एका बाजूने लावली तर चॅसी न्यूट्रलवर आणि उलटी लावली तर चॅसीवर पूर्ण २३० व्होल्ट! आपल्याकडच्या जुन्या दोन पिनांच्या बटणात सरळ काय आणि उलटं काय, कुणालाच ठाऊक नसतं. म्हणूनच त्या काळी नॉबचा स्क्रू खोलवर बसवून त्यावर मेण भरलेलं असायचं, बोट लागू नये म्हणून. ते मेण पडलेलं असतं आणि पोरं नॉब काढून दांडीच फिरवतात.

तुमचा सेट 'यू' जातीचा निघाला आणि तुम्ही यापूर्वी लाइनवरचं काम केलेलं नसेल, तर माझा सल्ला एका ओळीचा आहे: बाहेरची साफसफाई, पेटी, डायल तुम्ही करा, आतलं जाणकाराकडे द्या. करायचंच असेल तर २३० ते २३० व्होल्टचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या, १०० व्हीएचा पुरतो. पण त्यानंतरही चॅसी आणि एचटी (व्हॉल्व्हना लागणारे चढे डीसी व्होल्ट) यांच्यामध्ये दोन्ही हात घातले तर धक्का बसणारच, आणि घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, तेव्हा पडणारही नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे काय चाललंय ते त्याला कळतच नाही.

तिसरी जात खेड्यात बरीच सापडते. गावात वीज नव्हती तेव्हाचे बॅटरीवाले सेट. त्यांचे नंबर 'डी'ने सुरू होतात: डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. यांचं फिलामेंट १.४ व्होल्टचं आणि एचटी साधारण ९० व्होल्टची. ज्या मोठ्या पुठ्ठ्याच्या बॅटरीवर ते चालत ती आता मिळत नाही. कुणीतरी "सहा व्होल्ट देऊन बघू" म्हणतो आणि चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. ना धूर, ना आवाज. धरणगावच्या बाजूचा असा एक सेट माझ्याकडे आला होता, चारही बाटल्या चकाचक आणि चारही मेलेल्या.

तुम्ही पाच व्हॉल्व्ह लिहिलेत आणि मेन वायर आहे म्हणता, म्हणजे बॅटरीवाला नाही. पाचात एक हिरवा डोळा, म्हणजे स्टेशन नीट जुळलं की नाही ते दाखवणारा मॅजिक आय असेल तर सेट वरच्या दर्जाचा. पुढचं मी ट्रान्सफॉर्मरवाला 'ई' सेट धरून लिहितो.

आता धाब्याची माती. आपल्याकडच्या जुन्या घरात वरून बारीक माती गळतच असते, त्यात उन्हाळ्यात माळ्यावर भट्टी पेटलेली. ४५ अंशांच्या उन्हात वर्षानुवर्षं राहिलेल्या सेटमध्ये कंडेन्सरवरचं मेण वितळून खाली ओघळलेलं आणि त्यावर माती चिकटून घट्ट झालेली सापडते. कोरडा, मऊ रंगाचा ब्रश आणि ब्लोअर घ्या. पाणी नाही, रॉकेल नाही. गँगच्या, म्हणजे स्टेशन लावायच्या त्या पंख्यासारख्या पत्र्यांच्या कंडेन्सरच्या, पाकळ्यांत काडी घालू नका. एक पाकळी वाकून दुसरीला टेकली की डायलचा तेवढा भाग मुका होतो. उंदराचं घर असेल तर हातमोजे घाला आणि खालच्या तारांचं रबर तपासा. रबराचं वेष्टन असलेल्या तारा बोट लागताच मारीच्या बिस्किटासारख्या सुटतात, त्या बदलाव्याच लागतात.

डायलच्या काचेला मात्र हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा. स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला रंगात छापलेली असतात आणि इतक्या वर्षांत त्या रंगाची काचेवरची पकड सुटलेली असते. आमच्याच घरातली गोष्ट. एका सेटचा डायल मी काढून ठेवला, माझ्या बहिणीने प्रेमाने ओल्या फडक्याने पुसून लख्ख केला. त्यावर दिल्ली, मद्रास, सिलोन काही राहिलं नाही, नुसती पारदर्शक काच. पुढची बाजू थोड्या ओलसर कापसाने पुसा. मागची बाजू फुंकर मारून सोडून द्या. धूळ राहिली तर राहू द्या.

आता तो कंडेन्सर. रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात आऊटपुट व्हॉल्व्ह असतो, ईएल ८४ किंवा ईसीएल ८२ चा मोठा भाग. त्याच्या ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीवर, फक्त गाणं पोचायला हवं, डीसी व्होल्ट नकोत. पण गाणं येतं ते आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून आणि तिथे ८० ते १०० व्होल्ट डीसी असतात. त्यांच्यामध्ये दारावरच्या रखवालदारासारखा एक छोटा कंडेन्सर असतो, ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा. गाणं जाऊ देतो, डीसी अडवतो. हा जर कागदाचा असेल तर इतक्या वर्षांत कागदाने ओल धरलेली असते आणि रखवालदार थोडं थोडं सोडायला लागतो.

थोडं म्हणजे किती, हे आकड्यात बघा. समजा त्याची गळती १० मेगोहमची आहे. साध्या मल्टिमीटरला हे जवळपास "ठीक" वाटतं. ग्रिड १ मेगोहमच्या रेझिस्टन्सने चॅसीला बांधलेली असते. १०० व्होल्ट अकरा मेगोहममध्ये वाटले गेले म्हणजे ग्रिडवर ९ व्होल्ट जमा. ईएल ८४ ला ग्रिड कॅथोडपेक्षा साधारण ७ व्होल्ट खाली असावी लागते, त्यावरच त्याचा करंट आवरलेला असतो. तिथे वरून ९ व्होल्ट येऊन पडले की लगाम सुटला. प्लेट लालबुंद होते, तो सगळा करंट आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसाएवढ्या तारेतून ओढला जातो आणि रेक्टिफायरवर भार पडतो. १९७८ साली माझ्या सेटला हेच झालं होतं. गाणं छान येत होतं ना, म्हणून मी गाफील राहिलो.

तेव्हा बाकी काहीही करण्याआधी हा एक कंडेन्सर बदला. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. काही रुपयांचा माल आहे. मग त्याच्या भावंडांकडे वळा. मेणाचे, डांबराचे, तपकिरी कागदी नळीचे जेवढे असतील तेवढे बदला. अभ्रकाचे चपटे आणि चिनी मातीचे लहान कंडेन्सर सहसा शाबूत असतात, त्यांना हात लावू नका. मेन लाइनवर थेट लावलेला कंडेन्सर दिसला तर तिथे साधा नाही, एक्स-२ छापलेला, २७५ व्होल्ट एसीचाच लावायचा. तो शॉर्ट झाला तर आग लागते.

एका वेळी एकच काढा आणि लगेच नवा लावा. नवशिका उत्साहात सगळे जुने कापून ताटलीत ठेवतो आणि मग तारांचं जंगल बघत बसतो. मी आजही एक काढतो, एक लावतो, कागदावर खूण करतो. डाख देताना जुनी तार पिनेभोवती गुंडाळलेली असते, ती ओढून काढू नका, पिन तुटते. जुना कंडेन्सर दोन्ही टोकांना कापा आणि उरलेल्या तुकड्यांवर नव्याच्या तारा गुंडाळून डाख द्या. दिसायला सुबक नाही, पण व्हॉल्व्हचा सॉकेट वाचतो.

मोठा फिल्टर कंडेन्सर, अॅल्युमिनियमच्या डब्यातला, ३२ अधिक ३२ किंवा ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचा. हा आतून सुकलेला असतो. डबा जागेवरच ठेवा, शोभेला. त्याच्या तारा सोडवून चॅसीखाली ४५० व्होल्टचे नवे दोन कंडेन्सर लावा. इथे एक मोह आवरा. "जास्त मोठा लावला तर गुणगुण अजून कमी होईल" म्हणून १०० किंवा २२० लावू नका. ईझेड ८० च्या, म्हणजे रेक्टिफायरच्या, लगेच पुढचा कंडेन्सर ५० च्या वर चालत नाही, चालू होताना त्याला भरण्यात रेक्टिफायर दमतो. ४७ चा लावा. उलटा लागला तर फुटतो, तेव्हा अधिक-उणे दोनदा तपासा.

रेझिस्टन्स काळाबरोबर वाढत जातात, कमी क्वचित होतात. २२० किलोओहमचा ४०० दाखवत असेल तर बदला. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे असेल तर सोडून द्या, तो काळच तसा होता, नवे असतानाही वीस टक्क्यांची सूट होती.

एक हाताची सवय लावून घ्या. सेट बंद केला, पिन काढली, तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट बसलेले असू शकतात. १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टन्सला दोन नीट झाकलेल्या तारा जोडून ठेवा, प्रत्येक वेळी आधी त्याने कंडेन्सर रिकामा करा, मग मीटर लावून खात्री करा, मग हात घाला. चालू सेटमध्ये मोजायचं असेल तर काळी तार चॅसीला क्लिपने लावा, लाल तार उजव्या हातात, डावा हात खिशात. पायात चप्पल, घरात दुसरं माणूस. आमच्या काकांचा डावा हात दुकानात कायम सदऱ्याच्या खिशात असायचा, ग्राहकांना वाटायचं माणूस रुबाबात आहे.

एवढं झालं की मग सिरीज बोर्ड. एका फळीवर बल्बचं होल्डर आणि सॉकेट असे जोडायचे की सेटचा करंट बल्बमधूनच जाईल. बल्ब जुना पिवळा, तारेचा, ६० वॅटचा. एलईडी चालत नाही. तारेचा बल्ब आता शोधावा लागतो, पण पूजेच्या किंवा डेकोरेशनच्या दुकानात मिळून जातो. पाच व्हॉल्व्हचा सेट साधारण ४०-५० वॅट खातो, म्हणून हा बल्ब बरोबर बसतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि सेट वाचेल.

पहिल्यांदा ईझेड ८० काढून ठेवा आणि लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद व्हायला हवा, बाकीच्या व्हॉल्व्हमध्ये तळाशी नारिंगी ठिणगी दिसायला हवी. अर्धा तास ठेवा, पिन काढा, ट्रान्सफॉर्मरला हात लावा. कोमट असेल तर चांगलं. हात ठेववत नसेल तर आत फेरे शॉर्ट आहेत आणि तो गुंडाळून आणावा लागेल. ('यू' सेटमध्ये ही युक्ती चालत नाही, एक व्हॉल्व्ह काढला की माळ तुटते, सगळेच विझतात.) मग रेक्टिफायर बसवा आणि पुन्हा लावा. पंधरा-वीस सेकंदांनी, तो तापला की, बल्ब थोडा उजळतो. हे बरोबर आहे. उजळतच राहिला तर बंद करा आणि शोधा.

बल्ब शांत राहिला तर मगच सरळ लाइनवर, आणि तेही ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज घालून. मागे व्होल्टेज निवडायची पट्टी असेल तर ती सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवा. आपल्याकडे खेड्यात शेतीपंप चालू असताना लाइट मिणमिणतो आणि रात्री पंप बंद झाले की लाइन २५० च्या पुढे जाते, त्याचा भार सेटने का सोसावा? मीटरवर एचटी २०० ते २५० च्या आसपास आली आणि आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर शून्य असेल तर तुम्ही गड जिंकला. अजून स्टेशन लागलं नसेल, तरी आता जळणार काही नाही.

पुढचं निदान कानाने होतं. स्पीकरमधून बारीक गुणगुण येते, व्हॉल्यूम वाढवला की बदलत नाही: फिल्टर. पूर्ण मुका, गुणगुणही नाही: स्पीकर किंवा आऊटपुट ट्रान्सफॉर्मरची तार तुटलेली. व्हॉल्यूमच्या मधल्या पायावर स्क्रूड्रायव्हर टेकवला की "घुर्र" येतं पण स्टेशन नाही: दोष पुढच्या भागात, बँड स्विच किंवा पहिल्या व्हॉल्व्हमध्ये. (हेही ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटातच, आणि स्क्रूड्रायव्हर एचटीच्या आसपास नकोच.) बँड स्विच आणि व्हॉल्यूमला कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून वीस वेळा फिरवा. अर्धी दुकानदारी या फवाऱ्यावर चालली आहे, खोटं कशाला बोलू. व्हॉल्व्हची शंका सगळ्यात शेवटी घ्या. ते लोकांना वाटतं त्यापेक्षा चिवट असतात. काचेच्या डोक्यावरचा चंदेरी डाग पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो गेला. डाग चंदेरी असेल आणि फिलामेंट मीटरवर जोड दाखवत असेल तर शक्यता चांगली आहे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने यातले बरेच नंबर वर्षानुवर्षं बनवले, त्यामुळे जुन्या मेकॅनिकांच्या डब्यात ते अजून निघतात.

एका ठिकाणी मात्र स्क्रूड्रायव्हर घेऊन जाऊच नका. चॅसीवर दोन चौकोनी अॅल्युमिनियमचे डबे दिसतील, वर किंवा बाजूला भोक. ते आयएफ ट्रान्सफॉर्मर, लावलेल्या स्टेशनचा सिग्नल गाळून पुढे देणारे. भोकातला स्क्रू "सैल वाटला म्हणून घट्ट केला" असं सांगणारे माझ्याकडे शेकड्याने आले. ते स्क्रू सैलच असतात, ते ४५५ किलोहर्ट्झ किंवा त्याच्या जवळपासच्या एका ठराविक आकड्यावर जुळवून ठेवलेले असतात. सिग्नल जनरेटर नसताना ते फिरवणं म्हणजे शेजाऱ्याच्या पेटीचा कानाने सूर लावणं. वरून गाभ्याचा तुकडा पडला तर तेही गेलं.

डायलची दोरी तुटलेली असेलच. तुटण्याआधी पुलीवरून ती कशी जाते त्याचा फोटो मिळाला तर नशीब. माशाच्या गळाची विणलेली दोरी उत्तम चालते, एकेरी नायलॉन घसरतो. स्पीकरचा कागद फाटला असेल तर टिश्यू पेपर आणि पातळ केलेला पांढरा गोंद, दोन थर, हलक्या हाताने. पेटीला वाळवी किंवा किडा लागला असेल तर औषध करून मग लाखेचं पॉलिश. एकच विनंती: ऑइल पेंट नको, आणि ती चकचकीत लॅमिनेशनची पट्टी तर नकोच नको.

आता बोलेल तरी काय, हा प्रश्न उरतो. जळगाव आकाशवाणी ९६३ किलोहर्ट्झवर, जुन्या डायलवर मीटरमध्ये छापलं असेल तर ३११ च्या जवळ. मीडियम वेव्हची केंद्रं देशभर कमी होत चालली आहेत, त्यामुळे पूर्वीसारखी डायलभर गर्दी मिळणार नाही. रात्री लांबची स्टेशनं येतात, दिवसा नाही. सेटच्या मागे एरियलचा स्क्रू असतो, त्याला पंधरा-वीस फूट तार जोडून वळचणीला ताणा. पूर्वी आपल्याकडे घराघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी टांगलेली असायची, ती याचसाठी. आणि रेडिओ लावताना घरातले एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर बंद करून बघा. दुरुस्त सेट "खराब" म्हणून परत आणणाऱ्यांपैकी अनेकांच्या खरखरीचं मूळ शेजारच्या बोर्डावरचा चार्जर असतो.

स्टेशन समाधानकारक आलं नाही तरी सेटच्या मागे पीयू किंवा ग्रामोफोन लिहिलेली दोन भोकं असतील. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये तिथे मोबाइलचं गाणं सोडता येतं. डावं-उजवं चॅनेल एकेक किलोओहमच्या रेझिस्टन्समधून एकत्र करा आणि मध्ये एक कंडेन्सर घाला. आजींना जुनी विविध भारतीची गाणी त्याच स्पीकरमधून, त्याच घुमणाऱ्या आवाजात ऐकता येतील. 'यू' सेटला हे कधीही करू नका, मोबाइल आणि त्याला धरलेला हात, दोन्ही लाइनवर येतात.

खर्च? कंडेन्सर, फ्यूज, वायर, दोरी मिळून पाचशेच्या आतबाहेर. व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर सांगता येत नाही, ते मिळण्यावर आहे. अखाजीच्या आत होईल का हे तुम्ही रोज तास देता की रविवारी चार तास, यावर आहे. माझ्या हातून असा सेट आठवडाभरात निघतो, पण त्यातले दोन दिवस मी नुसता बघत असतो.

आता तुम्ही एवढंच करा. मागचा पुठ्ठा काढून पाचही नंबर लिहून कळवा, आणि चॅसीच्या खालच्या बाजूचा एक फोटो. दुसरं म्हणजे आजींना विचारा की रेडिओ बंद पडला तो कसा. आवाज महिनोन् महिने बारीक होत गेला, की गुणगुण वाढत गेली, की एके दिवशी बातम्या चालू असताना एकदम गप्प झाला, आणि तेव्हा वास आला होता का. पहिलं असेल तर व्हॉल्व्ह थकलेत, दुसरं असेल तर फिल्टर, तिसरं वासाशिवाय असेल तर कुठेतरी तार किंवा फिलामेंट तुटलं असेल, आणि वास आला असेल तर ट्रान्सफॉर्मर आधी बघायचा. त्यांना नक्की आठवत असेल.